वरच्या बरडावर

बानाबाईनं दुसरं लिंबू चिरलं, बिया नखानं काढल्या आणि अर्धी फोड तशीच मुठीत धरून ठेवली. पिळावी की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं. समोर चहाच्या गाड्यावरून आणलेला काचेचा ग्लास होता. त्यात माठातलं पाणी आणि तळाशी साखर. चार वाजता रामकिसन नाना येणार, सरकारचं पत्र वाचून दाखवणार, आणि मग अकरा दिवसांच्या उपाशी नवऱ्याला हा ग्लास तिनंच द्यायचा, असं कमिटीनं ठरवलं होतं. बायकोच्या हातानं दिला की फोटो चांगला येतो म्हणे.

क्रांती चौकातलं ऊन मंडपाच्या कापडातून गाळून खाली येत होतं. मागं फलक होता, 'निंबारी धरणविरोधी कृती समिती'. त्याच्याही मागच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा होत्या; एकानं लिहिलेल्या, दुसऱ्यानं डांबर फासलेल्या, आणि डांबरावर तिसऱ्यानं पुन्हा चुन्यानं उठवलेल्या. बंदोबस्ताचे पोलीस पलीकडच्या सावलीत बसून पेंगत होते. आज नामांतरवाले, उद्या त्यांच्या उलटे, परवा धरणवाले. त्यांना या चौकाचं काही नवल राहिलं नव्हतं.

मंडपाच्या खांबाला एक पाटी टांगली होती. 'उपोषणाचा दिवस' असं वर रंगानं लिहिलेलं, आणि खाली खडूनं आकडा. पाटी लिहायचं काम मुक्ताबाईकडं. ती बौद्धवाड्यातली, चौथी शिकलेली, अक्षर वाटोळं. बानाबाईबरोबर ती दोन-तीन दिवसांआड गावाकडून एसटीनं यायची, आणि आल्या आल्या पाटी पुसायची. आज तिनं अकरा लिहिला होता.

बिरू गादीवर आडवा होता. गाल बसले होते, दाढी वाढली होती. पाच वर्षांत या माणसाचा फोटो पेपरात इतक्यांदा आला होता, की सिल्लोडच्या बाजारात अनोळखी माणसं त्याला रामराम घालत. मेंढक्याचं पोर, पण बोलायला उभं राहिलं की हजार माणूस चिडीचूप. आणि त्याच्या समोरची बाजू म्हणजे रामकिसन नाना, गावचे पाटील, एकदा आमदार झालेले. धरण व्हावं म्हणून मुंबईचे उंबरे झिजवणारे. निंबारी नदी अडवली की वाळूजच्या कारखान्यांना पाणी, पोरांना नोकऱ्या, असं ते सांगत. बुडणाऱ्या दोनशे घरांचं मग बघू म्हणत. आता धरणाची भिंत उभी राहिली होती, दारं तेवढी लावायची बाकी होती.

पेपरवाले दोघांना हाडवैरी म्हणायचे. गावाला मात्र ठाऊक होतं, की बिरूच्या आज्यापासून त्यांची मेंढरं दर उन्हाळ्यात पाटलांच्या रानात बसतात. वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, लावून कळप कोंडायचा, लेंड्यांनी रान खतावलं की वाघर पुढं सरकवायची, असं करत करत मृगाच्या आधी सगळं शिवार पालथं घालायचं. पाटलांच्या घरून आवतणाचा नारळ आला की मेंढरं त्यांच्या रानाकडं निघायची. भाषणं भाषणांच्या जागी, खत खताच्या जागी. पाच वर्षांच्या भांडणात नारळ एकदाही चुकला नव्हता.

यंदाही आला होता. कालच दुपारी.

पाटलांचा सालगडी सांडू बानाबाईच्या दारात उभा राहिला, नारळ तिच्या हातात दिला आणि टोपीनं घाम पुसत म्हणाला,

"औंदा खालच्या काळ्या रानात नका बसवू मेंढरं. द्वारकाबाईंनी सांगितलंय, वरच्या बरडावर बसवा."

"बरडावर? तिथं कुसळाबिगर काय उगवतंय?"

"मला काय ठावं. बाई म्हन्ल्या, खत वाया नाय घालायचं."

सांडू पाणी पिऊन गेला. बानाबाई नारळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. नदीकाठचं ते काळं रान म्हणजे पाटलांचं सोनं. तीन पिढ्यांत पहिली वाघर तिथंच लागली होती. लेंडीखत घातलेलं रान दोन-तीन वर्षं पिकतं. सरकार म्हणत होतं, दोन वर्षं धरणाची दारं लावणार नाही, पाणी अडवणार नाही. मग दोन पिकं तरी निघाली असती. दोन पिकं सोडून देणारी बाई द्वारकाबाई पाटलीण नव्हे. नाना कसलेले राजकारणी, त्यांच्या तोंडून गुपित फुटलं नसतं. पण शेती त्यांच्या बायकोच्या हातात, आणि त्या बाईला एक लेंडीसुद्धा फुकट गेलेली सोसत नव्हती.

म्हणजे पाणी यंदाच येणार होतं. मृगाआधी दारं लावायची, आणि पहिल्याच पुराला काळं रान खाली, त्याच्यामागून धनगरवाडी, बौद्धवाडा, बिरोबाचं ठाणं, सगळं. ना दुसरीकडं घरं उभी राहिलेली, ना जमिनी मोजून दिलेल्या. आज उपोषण सुटलं की मंडप उतरणार, माणसं आपापल्या कामाला पांगणार. मग रात्री-बेरात्री पाणी चढताना हाका मारायच्या तरी कुणाला?

सकाळी एसटीत बसल्यावर तिनं हे मुक्ताबाईला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही. मुक्ताबाई खिडकीबाहेर बघत होती.

"अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंग्यात आमची घरं पेटली ना," ती म्हणाली, "त्याच्या आदल्या दिशी आमच्या वाड्याला लागून असलेली कडब्याची गंजी त्या शेतवाल्यानं हलवली व्हती. सासूनं इचारलं, तर म्हन्ला, उंदरं झालीत लई. आमी खुळ्या, पेंढ्या उचलू लागलो त्याला."

मुक्ताबाईनं खिडकीबाहेरची नजर तिच्याकडं वळवली.

"कोन काय बोलतंय, त्याच्यावर जाऊ नये बाई. कोन काय हलवतंय, ते बघावं. जा, आधी बिरूभाऊच्या कानावर घाल. भोळा हाय तो, नानाच्या गोड बोलण्यात यील."

बानाबाईलाही तेच वाटत होतं. अकरा दिवस पोटात अन्न नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते, असा माणूस कागद बघून हुरळला तर त्यात नवल काय. मंडपात आल्या आल्या ती त्याच्या उशाशी वाकली होती.

"आवं, तुमच्याशी बोलायचंय. अर्जंट हाय."

"मागून," डोळे न उघडता बिरू म्हणाला. "आज सुटतंय समदं. चार दिस हितंच शहरात, पुंडलिकनगरात ऱ्हाऊ. खोली बघितलीय."

"कुनाची खोली?"

"हाय एकाची. तू कशाला डोकं लावती."

तेवढ्यात डॉक्टर आले, मग कमिटीचे वकील, मग दोन पेपरवाले. ती बाजूला झाली ती झालीच. आता पावणेचार वाजले होते. तिनं फोड पिळली. दुसरीही पिळली. ग्लासात चमचा फिरवताना तिनं मनाशी पक्कं केलं, की एकट्याला सांगता येत नाही तर सगळ्यांदेखत विचारायचं. नुसतं विचारायचं. मागं बसलेल्या मेंढक्यांना पुढचं सांगावं लागणार नव्हतं.

नानांची पांढरी गाडी बरोबर चारला आली. नाना उतरले, उपरणं सावरलं, पोलिसांच्या सलामाला मान डोलावली आणि चप्पल बाहेर काढून मंडपात आले. देवळात शिरावं तसे. लोकांना ते आवडलं.

"बिरू माझा वैरी नाही," ते म्हणाले. "माझ्या रानाचं खत त्याच्या मेंढरांचं. आम्ही भांडलो ते पाण्यासाठी. शहर वाढतंय, कारखाने येतायत, पाणी लागणारच. पण माझ्या गावचं एकही घर मी उघड्यावर पडू देणार नाही."

मग त्यांनी पत्र वाचलं. पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत, किमान दोन वर्षं, दारं लावली जाणार नाहीत. खाली सही होती, शिक्का होता. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतला कडूबा, वाडीतला सगळ्यांत म्हातारा मेंढका, काठीनं जमीन ठोकून दाद देत होता. त्याच्या डोळ्यांना पाणी आलेलं बानाबाईला दिसलं.

"या बानाबाई," वकील म्हणाले. "द्या आता."

बिरूला दोघांनी धरून बसवलं होतं. त्यानं हात पुढं केला. फोटोवाला गुडघ्यावर टेकला. बानाबाई ग्लास घेऊन पुढं गेली, आणि नवऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"नाना, एक इचारू?"

"विचार की. आज तुमचाच दिवस आहे."

"औंदा मेंढरं कोन्या रानात बसवायची?"

वकील हसले. पेपरवालेही हसले. बाईमाणूस, कुठं काय विचारावं त्याचा पोच नाही, असं ते हसणं होतं. मागं मेंढके मात्र हसले नाहीत. घरचाच प्रश्न तो, पण इथं का विचारला म्हणून ते नानांच्या तोंडाकडं बघू लागले. बानाबाईही बघत होती. खालच्या म्हणा, ती मनात म्हणत होती. खालच्या काळ्या रानात म्हणा, म्हणजे मी येडी ठरते, सांडू चुकला ठरतो, आणि ह्यांच्या पोटात घोटभर पाणी जातं.

नानांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. त्यांनी बानाबाईकडं पाहिलं नाही. त्यांनी बिरूकडं पाहिलं.

"आगं, ही काय येळ हाय का?" बिरू म्हणाला. आवाज चिरका झाला होता, हात तसाच पुढं होता. "वरच्या बरडावर बसवायची. ठरलंय ते. दे इकडं."

बानाबाईच्या हातातला ग्लास हलला नाही. सांडू काल दुपारी आला होता. बिरू अकरा दिवस या गादीवरून उठला नव्हता. नारळाचं ती फक्त मुक्ताबाईला बोलली होती, आणि मुक्ताबाई सकाळपासून तिच्या शेजारून हलली नव्हती.

ती त्याला सावध करायला आली होती.

"वरच्या?" मागून कडूबानं विचारलं. तो काठीवर भार देऊन उभा राहिला होता. "बिरू, लेकरा, वरच्या म्हन्लास?"

बिरूनं मान वळवली. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याचा पुढं आलेला हात हळूच खाली गेला आणि मांडीवर पडला. एक एक करत मेंढके उठत होते. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वकील एकाला विचारत होते, काय झालं, अहो काय झालं. त्यांना कुणी सांगेना.

बानाबाईला रडू आलं नाही. लाज वाटली. केलं त्यानं होतं आणि तोंड हिचं तापलं होतं. या माणसाच्या मागं ती तुरुंगात जाऊन आली होती, त्याच्या सभेसाठी गळ्यातली पोत गहाण टाकली होती. पुंडलिकनगरातली खोली कुणाची ते आता विचारायची गरज राहिली नव्हती.

ती पुढं झाली, खाली बसली आणि ग्लास त्याच्या मांडीवरच्या हातात दिला. त्याची बोटं तिनंच ग्लासाभोवती मिटवली.

"घ्या," ती म्हणाली. "अकरा दिस लई झालं."

"बाने, ऐक..."

"घ्या म्हन्ते ना."

फोटोवाल्यानं बटण दाबलं. बिरूनं ग्लास ओठांना लावला. अर्धं सरबत दाढीवरून छातीवर सांडलं. नाना केव्हाच मंडपाबाहेर गेले होते आणि वाकून चप्पल शोधत होते. दोघांनी बिरूला धरून उठवलं. तो उठल्यावर गादीवर त्याच्या अंगाचा ओला ठसा राहिला होता. बानाबाईनं पदर खोचला, गादी उलटी केली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

मुक्ताबाई तिच्याजवळ आली.

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

"काय नाय. स्टँडावर च्या घेतला, तेवढाच."

मुक्ताबाईनं मान हलवली. ती खांबाकडं गेली, पदरानं पाटीवरचा अकरा पुसला आणि त्या जागी, आपल्या वाटोळ्या अक्षरात, एक काढला. मग ती गादीच्या कडेला येऊन टेकली. मागं मेंढके पुन्हा खाली बसत होते, आधी कडूबा, मग बाकीचे.

"मामा," बानाबाईनं वळून विचारलं, "मृगाला किती दिस ऱ्हायलेत?"

कडूबानं बोटांच्या पेरांवर हिशेब केला. दोनदा केला.

"सोळा," तो म्हणाला.