खोक्यातली रिकामी जागा

मी एक जुना अकॉर्डियन आहे. नाव परदेशी, जन्म जर्मनीचा, पण मुक्काम विचाराल तर आकुर्डी. मुंबईतल्या एका वाद्यवृंदात मी उमेदवारी केली आणि तो बंद पडल्यावर भीमराजांच्या खांद्यावर बसून इकडे आलो. ते तेव्हा दुचाकीच्या कारखान्यात होते. पहिली शिफ्ट सुटली की हाताचं ऑइल घासून घासून धुवायचे आणि मगच मला गळ्यात घालायचे.

मित्रांनो, माझ्या पोटात पातळ पोलादी पट्ट्या असतात. भाता उघडला-मिटला की त्यांना हवा लागते, त्या थरथरतात आणि मी गातो. एक जरी पट्टी वाकली तरी तो सूर गेलाच म्हणून समजा.

भीमराज वाजवायचे आणि त्यांची बायको कस्तुरा गायची. जयंतीच्या स्टेजवर तिचं एक गाणं ठरलेलं असे. लेकीला शाळेत घालायला निघालेल्या आईचं ते गाणं तिनं स्वतःच रचलं होतं. कडवं संपलं की ती मान डोलवायची आणि मग मी एकटा वाजायचो. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या निव्वळ माझ्यासाठीच असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मग आमच्या गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेलो. वर पाण्याची टाकी, भिंतीला ओल. बारा वर्षं माझ्यावरून कुणी साधं फडकं फिरवलं नाही. मी रुसून बसलो, पण माळ्यावर रुसलेलं कुणाला दिसतं? पट्ट्या गंजत गेल्या.

यंदा कस्तुराच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख पडली. आवाज राहील की नाही, ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. दवाखान्यातून आल्यावर चपलाही न काढता ती म्हणाली, “अहो, तो बाजा उतरवा खाली. आवाज हाय तवर एकदा तुमच्यासंगं म्हणून घेते.”

भीमराजांनी मला पुसलं, मांडीवर घेतलं. मी नुसता घरघरलो. मधल्या सगळ्या पट्ट्या गेल्या होत्या, आणि त्या मापाच्या पट्ट्या आता फक्त इटलीतल्या एका दुकानात मिळत होत्या.

नात साक्षीनं त्या फोनवर शोधल्या. मुठीत मावतील एवढ्या पट्ट्या, पण तिथून इथवर आणायचा खर्च त्यांच्या दुप्पट! साक्षी महाळुंग्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. मोठा माल लहानात लहान खोक्यात बसवायचा, हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिनं इटलीतलंच एक गोदाम शोधलं. वेगवेगळ्या दुकानांची खरेदी तिथे जमा करायची, ते लोक सगळं एका खोक्यात घालून पाठवतात. तिच्या कंपनीतल्या विक्कीला जुन्या मोटरसायकलसाठी तिकडूनच गिअर मागवायचा होता. खर्च अर्धा अर्धा ठरला.

“आबा, आतली खोकी काढून टाकू का विचारतायत. काढली की पार्सल लहान होतं, भाडं आणखी कमी.”

“नाजूक हायेत गं पट्ट्या,” भीमराज म्हणाले.

“माझं रोजचं काम आहे हे, आबा. खोक्यात निम्मी हवाच असते. हवेचं भाडं कशाला भरायचं?”

भीमराज हसले. “बरोबर. पोरगी पॅकिंगमधली हाय, तिला कळतंय.”

तिच्या कंपनीतला माल जाडजूड लोखंडी असतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज असता तर पट्ट्या मागवाव्याच कशाला लागल्या असत्या!

विक्कीचा गिअर त्या गोदामात नऊ दिवस उशिरा पोहोचला. तोवर आमच्या पट्ट्या तिथेच पडून होत्या. कस्तुरा रोज विचारायची, “आलं का गं?” आणि रोज तिचा आवाज थोडा बसलेला असायचा. मी ऐकत होतो. दुसरं काय करणार?

ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा पार्सल आलं. साक्षीनं ते मोठ्या कौतुकानं एका हातावर तोलून आणलं, मागून विक्कीही आला. खोकं फोडलं. वर गिअर, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पट्ट्या.

“बघ साक्षी, गिअरला एक ओरखडा नाय!” विक्की म्हणाला आणि भीमराजांच्या तळहातावर नजर जाताच त्यानं गिअर खाली ठेवला. सगळ्या पट्ट्या वाकल्या होत्या. काही तुटल्याच होत्या.

साक्षी रडायला लागली. कस्तुरानं तिला जवळ घेतलं. “गप गं. तू काय मुद्दाम केलंस व्हय?”

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी कस्तुरा गायली. भीमराजांनी मला मांडीवर घेतलं होतं. कडवं संपलं, तिनं सवयीनं मान डोलवली आणि माझी वाट पाहिली. भाता उघडला, मिटला. नुसती हवा निघाली. मित्रांनो, मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दुसरं कडवं घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. कस्तुरा घरी आली, चालते-फिरते, पोळ्या लाटते. आवाज तेवढा परत आला नाही.

साक्षीनं पट्ट्या पुन्हा मागवल्या, एकट्या, त्यांच्या स्वतःच्या खोक्यात. भलंमोठं खोकं आलं, आत फोम, कोपऱ्यांत कागदाचे बोळे आणि भरपूर हवा. एकही पट्टी वाकली नव्हती.

खर्च वाचवा, मित्रांनो. तुमच्या आईबापांनी घाम गाळून मिळवलेले पैसे आहेत ते. पण नाजूक वस्तूभोवतीची रिकामी जागा फुकट गेली असं समजू नका. आणि माझ्यासारख्याला कधीतरी माळ्यावरून खाली घ्या, वेळ आहे तोवर.

आता मी पूर्वीसारखा वाजतो. संध्याकाळी भीमराज तेच गाणं धरतात. कडव्याची जागा आली की ते हात थांबवतात. खोलीत काही ऐकू येत नाही, कस्तुराचे ओठ मात्र हलत असतात. आम्ही दोघं थांबून राहतो. कडवं संपलं की ती मान डोलवते आणि मग मी वाजतो.