बग्गीचं दावं

विकणारा हसला की गोजाबाई जनावराचे दात बघायची आणि विकणारा रडला की खूर. हसतही नाही अन् रडतही नाही असा विकणारा तिला तीस वर्षांत मंद्रूपच्या बाजारात भेटला नव्हता. भेटला असता तर तिनं आधी त्याचेच दात बघितले असते.

आज मात्र ती बाजार सोडून सोलापुरात आली होती, पोरीच्या पैशावर राखण करायला. राजनंदिनी चोवीस वर्षांची, चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. लोखंडाचे बारके बारके भाग मोजायचे, केसाएवढा फरक निघाला की बाजूला टाकायचे, हे तिचं काम. म्हणजे संशय घ्यायचा पगार. हा धंदा आपल्याच रक्तातून आला, असं गोजाबाई गावात अभिमानानं सांगायची. आणि आता या शहाण्या पोरीला तेलावर पळणारी खेळण्यातली गाडी घ्यायची होती.

"खेळणं न्हाय आये, नायट्रो बग्गी म्हंत्यात. खरं इंजिन असतंय आत. अंगठ्याएवढं."

"मग बॅटरीवरची घे की. स्वस्त बी मिळंल."

"मोटार तर मिक्सरमदी बी असती," राजनंदिनी म्हणाली आणि विषय मिटला.

आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर तिनं त्या गाड्या बघितल्या होत्या. हातात रिमोट धरलेली मोठीमोठी माणसं, पुढं धुरळा आणि माशीसारखा कर्कश्श आवाज. तेव्हापासून तिनं रिक्षा सोडून कंपनीच्या बसनं जायला सुरुवात केली, बाहेरचा वडापाव बंद केला, आणि आठ महिन्यांत चौदा हजार जमवले. खोक्यातली कोरी बग्गी तीस हजारांच्या खाली नव्हती. तेव्हा वापरलेली घ्यायची. त्यातही चौदातले चार बाजूला ठेवायचे, कारण इंधन साधं पेट्रोल नव्हे; ते वेगळंच, डब्यातून येणारं, एका लिटरला हजाराच्या वर जाणारं. शिवाय इंजिनाचा प्लग, तो तापवायची कांडी.

"म्हंजे गाडीला धा हजार," गोजाबाई म्हणाली. "आन खोटी निगाली तर?"

"तर आनखी आठ महिनं."

ते गोजाबाईला पटकन कळलं. एकाच शेळीचे पैसे घेऊन बाजारात गेलेलं माणूस तिनं खूप वेळा बघितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून विकणाऱ्यांना वास येतो.

"तू भाव बोलायचा न्हाईस," तिनं पोरीला बजावलं. "माज्या पदराखाली हात ठिव. करंगळी दाबली की गप. मूठ आवळली की उटायचं, मग गाडी सोन्याची का असंना."

पहिली बग्गी नव्या पेठेमागच्या बोळात, अमरेश नावाच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोरग्याकडे होती. गाडीवरचं नारिंगी टोपण चकाचक, चाकं धुतलेली. गोजाबाईला तिथंच पहिली शंका आली. बाजाराच्या दिवशी धुतलेलं जनावर तिला कधीच आवडलं नव्हतं.

"एक नंबर पीस आहे मावशी. कंप्लेंट म्हणून नाही." अमरेश हसला. गोजाबाईनं त्याचे दात बघून घेतले.

त्यानं गाडी उलटी धरून इंजिनाची चकती बोटानं फिरवून दाखवली. ती गरगर फिरली. "लोण्यावानी हाय की!" गोजाबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच पदराखाली राजनंदिनीनंच तिची करंगळी दाबली.

अमरेशनं दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन ओरडलं. निळा धूर, एरंडेल जळाल्यासारखा वास. बोळातल्या बोळात गाडी दोन वेळा जाऊन आली आणि अमरेशनं ती बंद करून खोक्यात घातलीसुद्धा.

"बास? एवढंच?" गोजाबाई म्हणाली.

"इंधन किती महाग आहे मावशी."

"धा पावलं तर मराया टेकल्याली मेंढी बी चालती, बाबा. बसवलीस न्हवं? आता उटव."

अमरेश बघतच राहिला. राजनंदिनीनं समजावलं, "इंजिन गरम आहे तोवर परत चालू करून दाखवा, म्हणतेय आई."

अमरेशनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. पंधरा वेळा ओढली. मग हसत हसतच त्यानं एक ओलं फडकं आणलं आणि इंजिनावर ठेवलं. "जरा गार होऊ द्या, मग बघा."

दमलेल्या मेंढीच्या तोंडावर पाणी मारून तिला उभी करणारे गोजाबाईनं शंभर बघितले होते. तिनं मूठ आवळली.

बाहेर आल्यावर राजनंदिनी म्हणाली, "झिजलंय आये ते. झिजल्यालं इंजिन गार असताना कसंबसं धरतंय, तापलं की सोडून देतंय. म्हणून तर लोण्यावानी फिरत हुतं. चांगलं असंल तर उलट गारपणी आवळून बसतंय. पर तुला कसं कळलं?"

"मला कुटं काय कळतंय? त्यो गाडी खोक्यात घालायची घाई करत हुता."

दुसरा पत्ता विडी घरकुलातला. महेश्वर नावाचा साठीचा माणूस, यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. म्हणजे बिघडलेले माग सुरू करून देणारा. घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून तो बसलेला, मांडीवर घडी मोडलेला टॉवेल आणि उजवा हात त्या टॉवेलाखाली.

गोजाबाईची नजर टॉवेलावर गेली आणि तिथंच खिळली.

तिच्या बाजारात टॉवेलाखाली हात गेला की भाव चालू झाला. तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. गोजाबाईनं निम्मं आयुष्य पदराखाली असेच भाव केले होते. तेव्हा या माणसाचा हात आधीच कापडाखाली आहे याचा अर्थ एकच. सौदा कुणाशी तरी झालेला आहे. दलाल कुठाय? तिनं दाराआड बघितलं, शेजारच्या ओट्यावर बघितलं. एक मांजर होतं.

"या अक्का, बसा," महेश्वर म्हणाला. तो हसला नाही आणि रडलाही नाही. "आधी खोट सांगतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय. चाक धरणारा एक आर्म तुटला होता, बदलला आहे. रिमोटला तडा गेलाय, चिकटवलाय. टोपणावर ओरखडे तुम्हाला दिसतातच."

गोजाबाईनं पोरीचा हात पदराखाली ओढून घेतला. आपणहून चारचार दोष सांगणारा माणूस पाचवी खोट केवढी लपवत असेल!

"कितीला देताय, काका?" राजनंदिनी म्हणाली आणि पदराखाली करंगळी चांगलीच दाबली गेली.

"नऊ हजार. अर्धा डबा इंधन, कांडी, दोन प्लग वर देतो."

स्वस्त! गोजाबाईनं बग्गी ओढून घेतली आणि चकती फिरवायला गेली. अर्ध्यात अडकली. जोर लावला तरी हलेना. "जाम झालीय ही."

"जाम नाही अक्का, आवळ आहे. इंजिन नवंच, इंधनाच्या चारच टाक्या जाळल्यात. थांबा." महेश्वरनं डाव्या हातानं आतून सुनेचं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि इंजिनावर गरम वारा धरला.

हे तर गोजाबाईला जन्मात विसरता येणार नव्हतं. दुधनीच्या एका माणसानं थंडीच्या दिवसांत गुळाचं कोमट पाणी पाजून उभी केलेली शेळी तिला विकली होती. घरी आणेपर्यंत शेळी आडवी. "इकायच्या आदी शेक देतोय," ती पोरीच्या कानाशी पुटपुटली.

"तसंच करत्यात आये. नव्याला तापवावं लागतंय."

"तुला काय म्हाईत? तू काल जल्मलीस."

महेश्वरनं राजनंदिनीला गाडी धरायला सांगितली आणि दोरी ओढली, तीही डाव्या हातानं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. आवाज अमरेशच्या गाडीपेक्षा जड, दाटलेला. समोरच्या मोकळ्या पटांगणाकडे बोट करून त्यानं रिमोट पोरीच्या हातात दिला.

"तुमीच चालवून दावा की," गोजाबाई म्हणाली. खोडीचा घोडा मालकाला आधी बसायला लावावा, हा सगळ्यात जुना नियम.

"नको. तिलाच चालवू दे."

"का बरं? मालकाला भ्या वाटतंय?"

 महेश्वरनं टॉवेल थोडा पुढं ओढून घेतला. गोजाबाईनं ते टिपलं.

राजनंदिनीनं गाडी सोडली. धुरळा उडवत ती पटांगणाच्या टोकाला गेली, दगडावरून उडाली, वळली, सुतासारखी सरळ परत आली. दहा मिनिटं झाली. पोरगी हसत होती, आणि असं ती दहावीच्या निकालालाही हसली नव्हती. गोजाबाईला ते हसू बघून जास्तच धास्ती वाटली. गिऱ्हाईक हसलं की मेलं.

महेश्वरनं कुणी न सांगता इंजिन बंद केलं. थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "आता गरम आहे. ओढ बाळ दोरी." एका झटक्यात सुरू.

बसवली, उठली. गाडीत खोट सापडत नव्हती. आणि म्हणूनच गोजाबाईचा संशय वाढला. चांगलं जनावर स्वस्तात कुणी काढत नाही. काढलंच तर घरात रोग किंवा माल चोरीचा.

"पावती हाय?"

त्यानं पावती दाखवली. इंग्रजीत होती. कागद काय, बाजारात गठ्ठ्यानं मिळतात.

"मग इकताय कशापायी?"

"आता होत नाही," एवढंच तो म्हणाला.

पोरगी परत शेजारी येऊन बसली होती, हात पदराखाली. गोजाबाईनं मूठ आवळली. राजनंदिनी उठली नाही. पुन्हा आवळली. पोरीनं सावकाश आपला हात पदराखालून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.  चोवीस वर्षांत हा हात तिच्या मनाविरुद्ध पदराबाहेर पहिल्यांदा गेला होता, आणि आता आपण चुकलो तर तो परत येणार नाही, हे गोजाबाईला लख्ख दिसलं. उठावं तर पोरगी जाते, बसावं तर पोरीचे आठ महिने जातात.

तेव्हा तिनं तिला येत होतं तेच केलं. लपवलेला भाव जिथं होता तिथंच जायचं ठरवलं. खुर्चीजवळ सरकून तिनं सरळ महेश्वरच्या टॉवेलाखाली हात घातला आणि त्याची बोटं धरली.

"बोला. खरा भाव बोला."

बोटं बोलत नव्हती. ती थरथरत होती. लोकर कातरून नुकत्याच सोडलेल्या मेंढीच्या कातड्यासारखी, थांबता थांबत नसल्यासारखी. गोजाबाईनं जरा घट्ट धरलं. थरथर तिच्या मनगटापर्यंत आली.

महेश्वर दुसरीकडे बघत होता. "हाताला दीड वर्ष झालं," तो हळू म्हणाला. "मागाच्या बारीक तारा मी डोळे झाकून लावायचो, अक्का. रिटायर झाल्यावर ही हौस केली. चारच टाक्या झाल्या. रिमोटचं चाक धरलं की गाडी सापासारखी जाते. लोक समजतात गाडीतच खोट आहे. म्हणून चालवून दाखवली नाही."

पाचवी खोट सापडली होती. गाडीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

गोजाबाईनं हात लगेच काढला नाही. लगेच काढला असता तर दया दिसली असती. आणि भाव न करता घेतलेलं जनावर म्हणजे मालकाच्या तोंडावर मारलेली भीक. तेव्हा ती तशीच बोटं धरून खेकसली, "नऊ लई व्हत्यात. बेअरिंग वाजतंय. आठ."

महेश्वरनं चमकून बघितलं. मग कारखान्यातला जुना जॉबर त्याच्या आवाजात परत आला. "आठला नुसता रिमोट देतो, अक्का. तडा गेलेला."

"साडेआठ. चिकटवल्याल्या वस्तूचं पैसं कुणी देतंय व्हय?"

"आठ सातशे. आणि बेअरिंग मी घालून देईन."

"कुटल्या हातानं?" गोजाबाई बोलून गेली. राजनंदिनीनं डोळे मिटून घेतले.

महेश्वर मात्र हसला. पहिल्यांदाच. "डाव्या."

गोजाबाईनं त्याचे दात बघितले. पुढचा एक पडलेला होता, बाकी ठीक. "आठ सातशे," ती म्हणाली.

राजनंदिनीनं पैसे दिले. गाडी उचलताना गोजाबाईला अँटेनाच्या उभ्या तारेला बांधलेली एक पट्टी दिसली: सोलापुरी चादरीची लाल किनार, धुरळ्यात गाडी दिसावी म्हणून बांधलेली. तिनं गाठ सोडली. गाठ घट्ट होती, हात चांगला असतानाची. पट्टी घेऊन तिनं ती महेश्वरच्या डाव्या हातात न देता टॉवेलाखाली, उजव्या मुठीत ठेवली.

"जनावर इकलं तरी दावं मालकाकडंच ऱ्हातंय," ती म्हणाली. "आमच्यात तसंच हाय."

मूठ मिटली. टॉवेलावरून बघणाऱ्याला ती स्थिर वाटली असती.

रिक्षाची वाट बघत दोघी चौकात उभ्या राहिल्या. बग्गी पोरीच्या काखेत. कोकरू नेतात तशी.

"आये, काका म्हणालं, दर रविवारी माळावर येतो. इंजिनाचा सूर कसा लावायचा ते शिकवतो."

"फुकट?" गोजाबाईच्या भुवया वर गेल्या. "का? काय पायजे त्याला?"

 राजनंदिनीनं आपला मोकळा हात तिच्या पदराखाली सरकवला आणि करंगळी दाबली.

गोजाबाई गप्प बसली. रिक्षा आली, गाडी आत ठेवली, पाय आत घेतले. मग चौक ओलांडल्यावर म्हणाली, "येऊ दे. पर खुर्ची घिऊन ये म्हणावं. उनात किती येळ उबा ऱ्हाणार."