पहारेकरी उघडा आहे

खोक्यांच्या कारखान्यात वहिनी बावीस वर्षं पुठ्ठा कापत होत्या. नवं मशीन आलं, तेव्हा पडद्यावरचं इंग्रजी त्यांनी मेकॅनिकच्या मागे लागून आठवड्यात पाठ केलं. शेजारी काम करणारी ‘धाकटी’, दोन लेकरांची आई, नुकतीच लागली होती. एका सकाळी पडद्यावर लाल इशारा झळकला. इंग्रजी वाचता येत नसल्यानं तिला वाटलं पुठ्ठा संपला. तिनं हात आत घातला आणि दोन बोटं चेपली.

दुसऱ्या दिवशी वहिनी मशीनपाशी आल्या, पण बटण काही दाबलं नाही.

मॅनेजर धावत आले. “वहिनी, ऑर्डर अडलीय! दहा-बारा तर शब्द आहेत. पाठ करायला सांगा सगळ्यांना.”

“माझे पाठ होते साहेब. तिला सांगायचं सुचलं नाही, ते रात्रभर मला खातंय. आपल्या भाषेत लिहून चिकटवा, लगेच सुरू करते.”

“घरी पाठवीन हं!”

वहिनी स्टूल ओढून बसल्या. थोड्या वेळानं बाकीच्या बायकांनीही आपली दोन मशीनं थांबवली.

दुपारी मॅनेजर कॉम्प्युटरकडून भाषांतर करून छापील स्टिकर घेऊन आले. पहिलाच वाचून बायकांची हसून मुरकुंडी वळली. ‘गार्ड’, म्हणजे मशीनच्या तोंडावरचं संरक्षक आवरण, उघडं असल्याचा इशारा होता, त्याचं झालं होतं, ‘पहारेकरी उघडा आहे.’

“गेटवरच्या काकांना सांगू नका गं, नोकरी सोडतील बिचारे!”

मॅनेजरनाही हसू आवरेना. “बघा, म्हणून म्हणतो, आपल्या भाषेत हे जमत नाही.”

वहिनींचं हसू मावळलं. “कॉम्प्युटरला जमलं नाही. आम्हाला विचारलंत कुठे?”

मग त्यांनी खोक्याचा कोरा पुठ्ठा पुढ्यात घेतला. गार्डला त्या सगळ्याजणी इतकी वर्षं जाळीच म्हणत आल्या होत्या. ‘जाळी उघडी आहे. हात घालू नका.’ ‘पुठ्ठा अडकला. आधी मशीन बंद, मग हात.’ एकीनं सुचवायचं, दुसरीनं खोडायचं. तासाभरात बाराही इशारे झाले. मॅनेजरनी ते दोनदा वाचले आणि चिकटपट्टी आणून दिली.

पंधरा दिवसांनी धाकटी आली, बोटांना अजून पट्टी. पडद्याखालचं वाचताना तिचे डोळे भरले. “एवढंच होतं होय?”

“एवढंच,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. एकशे चाळीस पानं. “बस इथं. मेकॅनिक अर्थ सांगेल, मी आपल्या भाषेत लिहिते, तू वाचून बघ. तुला कळेपर्यंत पान उलटायचं नाही.”