कडक कांजीचं जाकीट

माझ्या अव्वाला कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. मग समोर कोण आहे ते मला दिसत नाही. त्या दिवशी समोर आमच्या संघाचे मॅनेजर होते. आणि मी त्यांना जे बोलले त्याचं मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही.

मी महेश्वरी. सोलापूरची. दहा मीटर एअर रायफल मारते. एशियाडसाठी देशातून तीन मुली निवडल्या, त्यात मी एक. बातमी आली तेव्हा गल्लीनं फटाके वाजवले आणि अव्वानं माझी बॅग उपसली. अव्वा म्हणजे माझी आई, चंद्रव्वा. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात ती शाळेच्या गणवेशांना इस्त्री करते. तिच्या हाताखालून गेलेली चड्डीसुद्धा ताठ उभी राहते, खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

तर बॅगेत तिला माझं नेमबाजीचं जाकीट सापडलं. जाड कॅनव्हासचं, काखेत घामाचे पांढरे डाग, वर वास. असलं जाकीट धुवायचं नसतं, पण हे अव्वाला कोण सांगणार? मी तेव्हा कुठल्यातरी सत्काराला नारळ घेत बसले होते. तिनं ते घासून धुतलं, साबुदाण्याची कडक कांजी करून त्यात बुडवलं, पत्र्यावरच्या उन्हात वाळवलं आणि वर कारखान्यातली जड इस्त्री फिरवली. घडी घालून बॅगेत ठेवलं आणि मला एका शब्दानं बोलली नाही. पोर देशाची म्हणून उभी राहणार, ती चुरगळून कशी जाईल, एवढंच तिच्या मनात.

आमच्या बॅगा मागच्या विमानानं आल्या. मी माझी उघडली ती थेट स्पर्धेच्या आदल्या दिवशी, तपासणीच्या टेबलावर. जाकीट हातात घेतलं आणि कडकडलं. इस्त्रीचा ओळखीचा वास आला. मला सगळं तिथंच कळलं.

आमच्या खेळात जाकीट फार ताठ चालत नाही. ताठ जाकीट अंगाला धरून ठेवतं, मग नेम माणसानं धरला की कापडानं, असा प्रश्न येतो. म्हणून एक यंत्र कापडावर दाबून बघतात, किती दबतंय ते. माझं जाकीट दबलंच नाही. तपासनीसानं दोनदा दाबलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. संध्याकाळी एकदाच परत आणता येईल म्हणाला.

मी खोलीत ते जाकीट ओल्या टॉवेलनं पुसलं, चुरगाळलं, त्यावर नाचले. पाण्यात बुडवावं तर बाहेर पाऊस, खोलीत एसी, दुसऱ्या दिवशी ओलं जाकीट कुणी घालू दिलं असतं? अंकितानं तिचं जाकीट देऊ केलं. अंकिता आमची रिझर्व्ह खेळाडू, पुण्याची, मनानं चांगली. पण तिचे खांदे रुंद. जाकीट ज्याचं त्याच्या मापाचं असतं, माझ्या अंगात ते गोणपाटासारखं लोंबलं. संध्याकाळी माझं जाकीट परत नापास झालं.

उदयसिंह सर, आमचे मॅनेजर, खोलीच्या दारातच वाट बघत होते.

"ताप आलाय असं सांग," ते म्हणाले. "डॉक्टरांचं मी बघतो. तुझ्या जागी अंकिता खेळेल."

"मला ताप नाही, सर."

"जाकिटाशिवाय काय करणार आहेस? पदक तर सोडच, हसं होईल."

खरं सांगायचं तर ते पूर्ण चूक नव्हते. पदक जाणार हे मलाही कळत होतं. चार वर्षं मी त्या एका दिवसासाठी घासली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर पुढं बोलले.

"घरी अडाणी माणसं असली की असंच होतं. कुठली वस्तू काय, समजतच नाही."

झालं. सटकलं.

"सर," मी म्हटलं, "ही जागा मी निवड चाचणीत मारून घेतलीय, कुणी ओटीत घातलेली नाही. जाकीट घातलंच पाहिजे असा नियम कुठं आहे? नसेल तर मी उद्या उभी राहणार. आणि माझ्या अव्वाबद्दल परत असं बोललात, तर मी तुमचं वय बघणार नाही."

अंकिता भिंतीकडं तोंड करून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी टी-शर्टवर उभी राहिले. खाली नेमबाजीची जाड पँट होती, ती अव्वाच्या बादलीत मावली नव्हती म्हणून वाचली. डावी-उजवीकडं सगळ्या पोरी जाकिटात गच्च बांधलेल्या, आणि मधे मी, बाजाराला निघाल्यासारखी. पहिला छर्रा नवाच्याही बाहेर गेला. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मग मला आमच्या क्लबाचं पत्र्याचं शेड आठवलं. पहिली तीन वर्षं क्लबात मिळून एकच जाकीट होतं, तेही मोठ्या पोरींच्या मापाचं. मी शाळेच्या शर्टावरच मारायचे. जाकीट नसलं की कंबर स्वतःच धरावी लागते, एवढंच. मी कंबर धरली. दुखली, थरथरली, मी सोडली नाही. दहा लागले, नऊ लागले, परत दहा. साठावा छर्रा मारला तेव्हा पाठीला आग लागली होती आणि मागं कुणी हसत नव्हतं.

बाहेर आले तर फोन वाजतच होता. सगळा कारखाना काम थांबवून मोबाइलवर बघत बसला होता.

"जाकीट कुटं गेलं गं?" अव्वानं विचारलं.

उकडत होतं म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. कांजी, यंत्र, सर, सगळं सांगून टाकलं.

सांगून झालं. मला लई भीती वाटली.

"म्हंजे माज्यामुळं झालं की," ती म्हणाली.

"व्हय, तुझ्यामुळं. मग? मारलं की मी."

"कितवी आलीस?"

"अडतिसावी."

"समद्या मिळून किती हुत्या?"

"बावन्न."

पलीकडं पुटपुटणं ऐकू आलं. बोटांवर मोजत असणार. मग तिनं फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचं ती मला बोललीच नाही, अख्ख्या कारखान्याला बोलली.

"ऐका गं बायांनो. चौदा जणी जाकीट घालून बी माज्या पोरीच्या मागं हायती."