सलामीची उखळी

धानकापणी चालू होती, तेव्हा सरपंच वामनराव आमच्या बांधीच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मी विळा थांबवला नाही. ज्याचं काम आहे त्यानं तोंड उघडावं.

"बायनाबाई, यंदा मंडईच्या जत्रेत तुमच्या श्रावणचा सत्कार करून राह्यलो आमी."

"काऊन? एकाहत्तरची लढाई आत्ता सरली का?"

"उशीर झाला, कबूल आहे. पन गावात एकच तं फौजी आहे."

"एकच होता तं तवाच दिसाले पाह्यजे होता. गर्दीत हरपला असता तं गोष्ट वेगळी."

कापणाऱ्या बाया हसल्या. वामनरावही हसला. माणूस वाईट नाही; फक्त त्याला स्वतःचं बोलणं फार गोड लागतं. "मंचावर खुर्ची देऊ," तो म्हणाला, "शाल देऊ, नारळ देऊ. अना लच्छू लोहाराची उखळी उडवू. फौजी माणसाले तोफेची सलामी नको का?"

आता मात्र माझा विळा थांबला.

उखळी म्हणजे लोखंडाचा जाड, बुटका नळा. जमिनीत उभा गाडायचा, बारूद ठासायची, वर विटेचा चुरा ठोकायचा आणि लांब काठीला पेटती चिंधी बांधून बत्ती द्यायची. आवाज असा होतो की तलावावरचे सगळे बगळे उठून जातात आणि म्हशी दावं तोडतात. दिवाळीनंतरच्या मंडईत ती जुन्या काळापासून उडते. साऱ्या गावाला तिची मौज. मला तिचं भेव.

श्रावण लढाईहून आला तो हातापायानं साबूत आला. म्हणून लोकांना वाटलं, ह्याला काही झालंच नाही. पण मोठा आवाज झाला की माझा लेक जमिनीवर पडतो. कोपरांवर सरकत जातो, खाली नाली असो का शेण असो. तोंड मातीत खुपसतो आणि तिथं सोडून आलेल्या कोणाकोणाला हाका मारतो. शुद्धीवर आला की मग कितीतरी दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. डॉक्टर म्हणाला, आराम करा. आराम काय अंगणात उगवतो?

ही गोष्ट मी घराबाहेर जाऊ दिली नाही. दिवाळी आली की त्याला जंगलातल्या इतवारी मडावीच्या टोल्यावर, चार घरांच्या पाड्यावर, धाडते. तिथं फटाका नाही. लोक समजतात, बांबू आणायला गेला. एकदा तेंदूपत्त्याच्या ट्रकचा टायर फुटला आणि हा भर चौकात आडवा झाला, तर मीच ओरडून सांगितलं, "पिऊन आला मेला!" थेंब शिवत नाही माझा लेक. पण दारुड्याला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. भेदरलेल्या फौजीला सारं गाव विचारतं.

"शाल द्या. सलामी राहू द्या," मी म्हणाली.

"काऊन?"

आता काय सांगावं? आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला मंडईच्या मंचावर आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती. दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही त्या खुर्चीसाठी झुरत बसलो होतो असं नाही. पण आली तर तिला लाथही मारायची नव्हती. आणि खरं सांगावं, तर त्याच मंडईला सोमाजी पाहुणा बायकोला घेऊन माझ्या नातीला, श्रावणच्या मीराला, पाहायला येणार होता. त्याचा मुलगा सिंदेवाहीला धानाच्या फार्मवर कायम नोकरीत. आमच्याकडे मंडईला पाहुणे येतात, दंडारीचा नाचखेळ पाहतात, जेवतात आणि सोयरीक ठरवून जातात. पोरीचा बाप असा जमिनीवर पडतो हे कानावर गेलं असतं, तर सोमाजी मूल गावच्या मोटारस्टँडवरूनच परत फिरला असता.

"तुमची मर्जी," मी म्हणाली आणि विळा असा ओढला की बोट थोडक्यात वाचलं.

मंडईच्या दिवशी सकाळीच मी लच्छूच्या भात्यापाशी गेली.

"लच्छू, यंदा बारूद कमी ठास."

"ठासून झाली, मावशी. वामनभाऊनं सांगतलं, मूलपर्यंत आवाज गेला पाह्यजे."

"मंग काढ."

"भरलेली उखळी काढता येते का? उडवाच लागते."

"माह्या छातीत धडधड होते रे."

"तुमच्या?" लच्छू भाता सोडून हसला. "तुमचाच आवाज उखळीच्या वर जाते, मावशी!"

घरी आली तर श्रावण इस्त्रीचा सदरा घालून उभा. गुंड्या लावायला सून मदत करत होती.

"पोटात दुखते म्हण अना घरीच राह्य," मी म्हणाली.

"किती वर्षं पोटच दुखवशीन माय माहं? पाहुणे आले. मी नाई गेलो तं काय म्हनतीन?" मग हळूच म्हणाला, "कानात कापूस घातला आहे."

कापसानं तोफ अडत असती, तर लढाईत सगळेच कापूस घेऊन गेले असते.

दुपारी तलावाच्या पाळीखाली सारा गाव लोटला. दंडारीवाले घुंगरं बांधून तयार. मंचासमोर सोमाजी आणि त्याची बायको शकुबाई, त्यांच्याजवळ आमची मीरा मान खाली घालून. वामनराव बोलला ते संपता संपेना. शाल झाली, नारळ झाला. मग लच्छू पेटती काठी घेऊन निघाला.

मी श्रावणकडे पाहिलं. तो खुर्चीचे हात आवळून बसला होता आणि खुर्चीपुढची जागा पाहत होता. कुठं पडायचं ती.

मी बायांमधून उठली, चालत गेली आणि लुगडं सावरून उखळीवर बसली.

"ए मावशी! बारूद आहे खाली!" लच्छू काठी घेऊन मागं पळाला.

"माहीत आहे. बत्ती कोन देनार?"

"मी. दरसाल मीच देतो."

"सलामी माह्या लेकाची, मान आमच्या वस्तीचा, अना बत्ती तुह्या हातची? नाई चालनार."

वामनराव मंचावरून म्हणाला, "बरं बाई, तुमच्या वस्तीचा माणूस देईन."

तो इतक्या लवकर कबूल होईल असं मला वाटलं नव्हतं. "मंग नारळ मले न इचारता काऊन देल्ला?"

"दुसरा आनतो!"

"अना मंचावर माह्यासाठी खुर्ची कुठी आहे? फौजी काय आभाळातून पडला?"

लोक हसायला लागले. कोणी ओरडलं, "म्हातारी सटकली!" कोणी म्हणालं, "द्या बत्ती, आवाज मूलले तं म्हातारी चांद्यापर्यंत जाईन!" शकुबाईनं तोंडाला पदर लावला आणि नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. मी हललीच नाही. भांडखोर म्हणून सारा गाव मला ओळखतो; त्या दिवशी ते कामाला आलं.

तेवढ्यात श्रावण मंचावरून उतरला. शाल त्यानं खुर्चीवरच ठेवली.

"माय, ऊठ."

"नाई उठत."

"ऊठ. लोकं हसून राह्यले तुले."

"हसू दे. तू वर जाय."

त्यानं माझा दंड धरून मला उठवलं, लहान लेकराला उठवतात तसं. मग चहाच्या दुकानातली बालटी उचलली आणि सारं पाणी उखळीत ओतलं. बुडबुडे आले आणि बारूद भिजून गप झाली.

"माह्या मायचं मानापानाचं भांडन नाई," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण ढोलकीवालाही थांबला होता. "तोफ उडली असती तं तुमी मले आत्ता मातीत तोंड खुपसून लोळताना पाह्यलं असतं. लढाईत खंदकावर गोळा पडला. सोबतचे गेले, मी राह्यलो. तवापासून आवाज झाला का मी कुठी आहो, मले समजत नाई. मी दारू पीत नाई. सोमाजीभाऊ, तुमी पोरगी पाह्याले आले. बापही पाहून घ्या."

इतकी वर्षं मी झाकून ठेवलेलं त्यानं भर मंडईत उघडं केलं. मला असा राग आला की त्याच्या थोबाडीत द्यावी. आणि तो तसाच ताठ उभा होता, ते पाहून दुसरंही काही आलं. ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

घरी पाहुणे चटईवर बसले. मी दाराआड उभी.

"श्रावणभाऊचं आमाले काही नाई," सोमाजी म्हणाला. "माह्या भावाले राखणीवर वाघानं धरलं होतं. वाचला, पन अजून एकटा वावरात जात नाई. मानसाचं असंच आहे."

मी सुनेला चहा ठेवायची खूण केली.

"पन," शकुबाई म्हणाली. असा पन मला दुरूनच ओळखू येतो; जन्मभर मी तेच करत आली. "पन ह्या आजीचं काय? भर मंडईत बारुदीवर बसली बाई! लगनात आमच्या मानसांपुढं काय करन, कोन सांगावं? पोरगी पसंत आहे. फकत लगनाच्या दिवशी आजी मांडवात नाई पाह्यजे."

श्रावण ताडकन उठला. "माह्या मायशिवाय लगन होनार नाई."

आत मीराच्या हातातला पाण्याचा गडवा पडला. मी बाहेर आली.

"तू खाली बस," मी श्रावणला म्हणाली. "शकुबाई, मी नाई येत मांडवात. पन माहंही आयका. वरातीत फटाका नाई पाह्यजे, एकही नाई. फटाका वाजला का मी आली समजा, अना तुमच्याच बाजूले बसन."

शकुबाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. बाई माझ्याच मातीची होती. "नाई वाजनार," ती म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. वरात इतकी गुपचूप आली की गावातली पोरं म्हणाली, लग्नाला आले का मयताला? मी शेजारच्या लटारूच्या घरी कुडाआड बसली होती. बुद्धवंदना ऐकू आली. मग श्रावणचा आवाज आला; पाहुण्यांना जेवायला बसा म्हणत होता, मोकळ्या गळ्यानं. कुडाच्या फटीतून पाहिलं, तर पाहुण्यांच्या पाठीच दिसल्या. मीरा दिसली नाही.

सांजेपर्यंत मी कान लावून होती. एखादा तरी फटाका वाजावा, असं मनात येऊन गेलं.

वाजला नाही.