आधी तुम्ही माझे दात बघा

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तिच्या दवाखान्यात पेशंट बसले होते. ती सकाळी एका शाळेत मुलांचे दात तपासायला गेली होती, तिथंच कोसळली. मी फोन ठेवला आणि म्हणालो, "डॉक्टर आज येणार नाहीत."

"वाचलो," नंबर लावून बसलेले बंबवाले काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाकीच्यांना घरी पाठवून शटर त्यांनीच ओढलं.

माझी बायको दातांची डॉक्टर आणि मी तिचा बाहेरचा माणूस. नंबर लावायचे, हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये घालायची, रडणाऱ्यांना पाणी द्यायचं. दातांचीच डॉक्टर का झालात असं कोणी विचारलं की ती सांगायची, "इथं समोरचा तोंड उघडतो, पण उलट बोलत नाही. घरी ती सोय नाही."

घाबरलेल्या पेशंटसाठी तिची एक रीत होती. ती स्वतः खुर्चीत बसायची, पेशंटला हातमोजे आणि छोटा आरसा द्यायची आणि म्हणायची, "आधी तुम्ही माझे दात बघा. काही सापडलं तर सांगा." दुसऱ्याच्या तोंडात डोकावताना माणूस स्वतःची भीती विसरतो. मग जागा बदलायच्या.

बंबवाले काकांची सगळी नोकरी आगीच्या बंबावर गेली. पेटत्या घरात शिरलेला माणूस, पण ड्रिलचा आवाज ऐकला की उठून दाराकडे निघायचे. ती गेली तेव्हा त्यांच्या दाढेचं रूट कॅनॉल अर्धंच झालं होतं. वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं.

पुढं दवाखाना मुलीनं हातात घेतला. तीही दातांचीच डॉक्टर. काका रोज संध्याकाळी यायचे, माझ्याशी गप्पा मारायचे, पण आतल्या दारापलीकडे पाऊल टाकायचे नाहीत. एक दिवस गाल सुजवून आले.

"काका, आणखी थांबलात तर दाढ काढावीच लागेल," मुलगी म्हणाली.

"ताई, तुमच्या आई आधी खुर्चीत बसायच्या. तुम्ही बसा, मग मी बसतो."

"बस की," मी म्हणालो.

"बाबा, मला नाही जमत ते."

मला वाटलं, आईची नक्कल करायला लाजते. पण काकांचा गाल बघून ती बसली. हात खुर्चीला घट्ट धरून. काकांनी हातमोजे चढवले, आरसा आत घातला.

"ताई, खाली डावीकडे दाढेत काळं दिसतंय."

"माहीत आहे."

"मग भरली का नाही?"

"आई भरणार होती. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देत नाही."

"भीती वाटते?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"अहो, मग या धंद्यात कशाला आलात?"

"खुर्चीच्या त्या बाजूला उभं राहता यावं म्हणून. आईला ठाऊक होतं. म्हणाली, ये, भित्र्या माणसाचा हात जपून चालतो."

मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. काका मात्र इतके हसले की हातातला आरसा खाली ठेवावा लागला.

"मी बंबावर गेलो तो असाच. लहानपणी आगीला जाम घाबरायचो. म्हटलं, पाण्याच्या नळीजवळ राहिलेलं बरं."

"मग आता बसा."

काका बसले. "दुखलं की हात वर करा," ती म्हणाली. त्यांनी दुखायच्या आधीच हात वर केला. ती थांबली. परत केला, परत थांबली. मी दारात उभा होतो. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, "काका, शाळेत आहात का?" त्यानंतर हात खालीच राहिला.

दाढ वाचली.

"तुमच्या आईचा हात जास्त हलका होता," काका चूळ भरून म्हणाले.

"तिच्या हाताला किती वर्षांची सवय होती, काका. मला जरा सवलत द्या."

ते गेल्यावर मी हत्यारं मशीनमध्ये घातली आणि विचारलं, "तुझ्या दाढेचं काय? चौकातले डॉक्टर चांगले आहेत म्हणतात."

"बघू."

"मी येतो बरोबर."

"बघू म्हटलं ना, बाबा."

त्याला महिना होत आला. चौकातल्या डॉक्टरांकडे मी दोनदा वेळ घेतली, दोन्ही वेळा तिनं ती रद्द करायला लावली. तिची दाढ अजून भरायची राहिली आहे.