गुलाबी कप्पा, निळा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. कर्करोगाच्या दवाखान्यात, नावनोंदणीच्या खिडकीला लागून उभी असते. सुताराने मला साध्या प्लायवूडची केली. कोपरे तेवढे घासून गोल केले, कारण रांगेत आईचा हात सोडून पळणारी पोरं असतातच.

रंगाऱ्याने माझी एक बाजू गुलाबी केली, दुसरी निळी. गुलाबीत बायकांच्या आजारांच्या पुस्तिका, निळीत पुरुषांच्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "झकास! आता कुणाला काही विचारायलाच नको." खिडकीतल्या बाई माणसाकडे एकदा बघायच्या नि पुस्तिका हातात ठेवायच्या. वर्षं गेली. मला काही वाटायचं नाही.

मग एक दाढीवाला दादा आला, बरोबर त्याची ताई. जन्मला तेव्हा घरच्यांनी त्याला मुलगी म्हटलं होतं. तो पुरुष होता, तसाच राहत होता. पण शरीरात गर्भाशय होतं, आणि आजार तिथेच झाला होता.

बाईंनी निळी पुस्तिका पुढे केली.

"ही नको. गर्भाशयाच्या मुखाची द्या."

"मग मिसेसना पाठवा की!"

"मलाच झालाय."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "अहो, ही काय थट्टेची जागा आहे?"

तो रिकाम्या हाताने गेला.

किरणोपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी ताई एकटीच आली. तिने गुलाबी कप्प्यातली पुस्तिका स्वतःच ओढली, उभ्या उभ्या चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "रक्त जास्त गेलं तर त्याच दिवशी कळवा. हे बघा, इथे छापलंय! त्याला वाटलं, उपचारात असंच होत असेल. काल न्हाणीघरात पडला तो. आता रक्त चढवताहेत."

बाईंनी पुस्तिका हातात घेऊन ती ओळ वाचली. मी तशीच उभी.

पुढे मला सरसकट पांढरा रंग दिला. आता कप्प्यांवर फक्त अवयवांची नावं आहेत. पुस्तिकेतलं 'भगिनींनो' काढून 'तुम्ही' छापलं; कसं लिहायचं ते सिस्टरांनी त्या दादालाच विचारलं, म्हणे.

परवा तो आला. फार वाळलाय.

"दादा, कोणती देऊ?" बाईंनी विचारलं.

त्याने सांगितली. बाईंनी दिली. तो तिथेच वाचत राहिला.

"अरे, बसून वाच की," ताई म्हणाली.

मित्रांनो, मला रोज पुसतात. एखाद दिवशी नाही पुसलं तरी चालेल. माणसाला मात्र आधी विचारा, आणि तो सांगेल ते खरं धरा.